हिरड्याची परीक्षा

रानातल्या वनस्पतींचे अर्क काढणे आणि तपासणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांना एकच प्रश्न सतत ऐकावा लागतो: ‘हे कशावर चालते?’ कुठलीही साल, मूळ किंवा फळ समोर ठेवले की विचारणाऱ्याच्या मनात आधी रोग येतो. मधुमेह, कर्करोग, जंतुसंसर्ग. त्याच फळाने कातडे कमावता येते, सुती कापडावर रंग पक्का बसवता येतो, असे सांगितले तर ती मागे पडलेली, जुन्या काळातली गोष्ट वाटते. संशोधनाला मिळणारा पैसा आणि विद्यार्थ्यांचा कल यांचीही दिशा तीच आहे. हे काम करता करता माझे मत मात्र उलट बनत गेले. आपल्याकडच्या तुरट वनस्पतींपुरते बोलायचे, तर वस्तू घडवण्यातला त्यांचा उपयोग पक्क्या पायावर उभा आहे आणि तिथे आपण उगाच रेंगाळलो आहोत. औषधी दाव्यांचा पाया अजून घालायचा आहे आणि तिथे आपण उगाच घाई करतो आहोत. गुण दोन्हीकडे एकच आहे. पण तो कातड्यात जितका कामाचा, तितकाच परीक्षानळीत फसवा आहे. हे नीट दाखवायला हिरड्यासारखे उदाहरण नाही.

जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांच्या डोंगराळ भागात हिरड्याची झाडे जागोजाग आहेत आणि तिथल्या महादेव कोळी कुटुंबांना पावसाळ्यापूर्वी रोख पैसा देणारे जे थोडे मार्ग आहेत, त्यांत हिरडा मोठा आहे. एकाच झाडाचे फळ किती जून झाल्यावर हाती येते, त्यावर बाजारात त्याच्या प्रती ठरतात. आठळी धरायच्या आत काढून वाळवलेला तो बाळहिरडा. सुकून काळा पडतो, सुरकुततो, मनुकेएवढा उरतो. अर्धवट वाढलेला तो चांभारी हिरडा. पूर्ण पिकलेला, पिवळसर आणि भरीव तो सुरवारी हिरडा. ही वर्गवारी केवळ आकाराची नाही. फळ पिकत जाते तसे त्यातले टॅनिनचे, म्हणजे तुरट द्रव्याचे, प्रमाण आणि टॅनिनांचे आपापसातले गुणोत्तर बदलत जाते. सुकलेल्या गरात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा टॅनिनांचा असतो: चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल, आणि त्यांच्या विघटनातून निघणारी गॅलिक आणि एलॅजिक आम्ले. या मोठ्या रेणूंच्या अंगावर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असते आणि त्या गटांच्या जोरावर ते प्रथिनाला अनेक ठिकाणी एकाच वेळी धरतात. हिरड्याचा तुकडा चघळल्यावर तोंड आवळल्यासारखे होते, कारण लाळेतली प्रथिने टॅनिनांशी बांधली जाऊन लाळेचा बुळबुळीतपणा जातो. पुढे जे काही सांगायचे आहे, ते सारे या एका पकडीतून निघते.

कच्चे कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे गुंफलेले तंतू. ओले ठेवले तर ते कुजते, नुसते वाळवले तर लाकडासारखे ताठ होते. टॅनिनाच्या पाण्यात ते मुरू दिले की टॅनिनांचे रेणू तंतूंच्या मध्ये शिरतात, पाण्याची जागा घेतात आणि तंतूंना एकमेकांशी बांधून टाकतात. मग जिवाणूंना ते पचवता येत नाही आणि वाळल्यावरही त्यात लवचिकपणा राहतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून असेच कमावले जाते. या कामात कातड्याची पिशवी शिवून तिच्यात साल-हिरड्याचे पाणी भरून ती टांगण्याची जुनी पद्धत आहे. पाणी वरून झिरपत खाली येते आणि कातडे आतून कमावले जाते. बाभूळ आणि हिरडा यांची जोडी योगायोगाने जुळलेली नाही. बाभळीच्या सालीतली टॅनिने वेगळ्या जातीची, तांबूस रंग देणारी आणि सहजी न फुटणारी. हिरड्यातली फिकट आणि पाण्यात हळूहळू फुटणारी. हिरड्यातल्या साखरेमुळे त्याचे पाणी आंबते, त्यातून तयार होणाऱ्या आम्लाने कातडे फुगते आणि टॅनिनाला आत शिरायला वाट मिळते. हिरड्याने कमावलेल्या कातड्यावर कधी कधी फिकट पिवळसर थर दिसतो. तो एलॅजिक आम्लाचा. कारागीर त्याला खराबी मानत नाहीत. ढोर समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या ज्ञानाला आजच्या रसायनशास्त्राने कुठेही खोटे पाडलेले नाही, फक्त कारणे पुरवली आहेत.

कापडाचेही तसेच. सुताचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि वनस्पतिज रंग त्याला सहजासहजी धरत नाहीत. म्हणून कलमकारीत कापड आधी हिरडा आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात भिजवतात. टॅनिन कापडाला धरते, दुधामुळे रेखाटणीचा रंग पसरत नाही, आणि पुढे तुरटी किंवा लोह लावले की ते या टॅनिनाशी बांधले जाते. गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून केलेले पाणी हिरडा लावलेल्या कापडावर टेकवले की पिवळसर रेघेची पाहता पाहता काळी रेघ होते. प्रयोगशाळेतली टॅनिनाची प्राथमिक चाचणी तीच आहे: अर्कात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकायचा आणि निळसर काळा रंग पाहायचा. कारागिराची कृती आणि आमची चाचणी यांत रसायन एकच आहे. फरक इतकाच की कारागिराला शेवटी कापड मिळते आणि ते धुऊन, उन्हात वाळवून, वर्षानुवर्षे वापरून तपासता येते. वस्तूच्या दाव्याची ही मोठी सोय आहे. गुण जिथे वापरायचा तिथेच तो मोजता येतो.

औषधाच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही. समजा, साखर पचवणाऱ्या एखाद्या विकराला हिरड्याचा अर्क रोखतो का, हे पाहायचे आहे. परीक्षानळीत विकर, त्याचे अन्न आणि अर्क एकत्र केले की विकराचे काम थांबलेले दिसते. आकडा उत्तम येतो, आलेख सुबक दिसतो. पण विकर हे प्रथिन आहे आणि टॅनिन प्रथिनाला धरतेच. त्याच नळीत जिलेटिनचे द्रावण घातले असते तरी ते गढूळ होऊन साका खाली बसला असता. म्हणजे दिसलेला परिणाम त्या विकराबद्दल काही सांगतो की केवळ टॅनिन हजर आहे एवढेच सांगतो, हे आकड्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी नळीत दुसरे निरुपद्रवी प्रथिन भरपूर घालून पाहावे लागते, किंवा पॉलिअमाइडच्या भुकटीतून अर्क गाळून टॅनिने काढून टाकावी लागतात आणि उरलेल्या अर्काची चाचणी पुन्हा करावी लागते. पुष्कळदा त्यानंतर परिणाम ओसरतो. ही खबरदारी या क्षेत्रात कोणालाच नवी नाही, तरीही ती घेतलेली नाही असे लेखन सतत प्रसिद्ध होत राहते. जंतुनाशक गुणाचेही तेच. प्रतिजैविक एका मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम एवढ्यावर जे करते, ते करायला कच्चा अर्क पुष्कळदा काही मिलिग्रॅम लागतो. ही हजारपटीची तफावत रक्तात कधीच भरून निघणार नाही. ताटलीवर जंतूंभोवतीची स्वच्छ कडी दिसली म्हणून औषध सापडले असे होत नाही.

पोटात गेल्यावर तर गोष्ट आणखी बदलते. हिरड्यातली मोठी टॅनिने आतड्यातून जशीच्या तशी रक्तात फारशी जात नाहीत. त्यांच्यापासून सुटलेल्या एलॅजिक आम्लाचे आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाच्या लहान रेणूंत रूपांतर करतात आणि शरीरभर फिरतात ते हे रेणू. शिवाय प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू वेगळे. कोणात युरोलिथिने भरपूर तयार होतात, कोणात जवळजवळ नाहीच. म्हणून बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींवर हिरड्याचा अर्क ओतून काढलेला निष्कर्ष माणसाच्या यकृताला लावता येत नाही. त्या पेशींची त्या रेणूंशी खऱ्या शरीरात गाठच पडत नाही. याचा अर्थ हिरडा औषध नाही असा मी काढत नाही. अर्थ एवढाच की त्याचा भरवसा कुठे अधिक धरावा, हे त्याच्या पकडीवरूनच ओळखता येते. टॅनिन जिथे थेट पृष्ठभागाला लागते तिथे, म्हणजे दातांच्या हिरड्यांवर, तोंडाच्या अस्तरावर, आतड्याच्या आतल्या बाजूला, जखमेवर, त्याच्या उपयोगाचे तर्कशास्त्र सरळ आहे. हिरडा असलेल्या त्रिफळ्याच्या गुळण्यांची तुलना क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांशी करणाऱ्या माणसांवरच्या चाचण्या झाल्या आहेत, आणि ती वाट मला योग्य वाटते. तिथे मोजायचे ते नेमके असते: दातांवरचे किटण किती कमी झाले, हिरडीतून रक्त येणे थांबले का.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. हिरड्याचा वापर आयुर्वेदात शतकानुशतके होतो आहे. इतक्या लोकांचा अनुभव तुम्हाला पुरावा वाटत नाही का? वाटतो, आणि तो आदराने घ्यावा असेच मला वाटते. पण अनुभव कशाचा पुरावा आहे, हे नेमकेपणाने म्हटले पाहिजे. परंपरेने हिरडा दिला तो ठरावीक प्रकारे तयार करून, पथ्यासह, विशिष्ट तक्रारींवर. कर्करोगाच्या पेशी बशीत मारल्याचा दावा त्या परंपरेचा नाही. तो आमचा आहे आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारीही आमचीच. अनुभवाला पुराव्यापर्यंत कसे न्यावे, याचा धडा मुंबईनेच घालून दिला आहे. सर्पगंधेचे मूळ रक्तदाबावर चालते, हे भारतातल्या वैद्यांना आणि डॉक्टरांना माहीत होते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते रुग्णांना देऊन, रक्तदाब पद्धतशीर मोजून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले, आणि जगाने ते मानले. १९५२ मध्ये मुळातून रेसर्पिन वेगळे झाले. पुढे जास्त मात्रेने काही रुग्णांना औदासीन्य येते हेही दिसले आणि मात्रा उतरवावी लागली. लाभ आणि हानी दोन्ही माणसात मोजल्यामुळे कळले. परंपरेचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. वनस्पती हे मिश्रण आहे, तिचे घटक एकत्र काम करतात, म्हणून एकेक रेणू वेगळा काढून तपासणे हाच अन्याय आहे, असे म्हटले जाते. हे तत्त्वतः शक्य आहे. पण मग मिश्रण दर वेळी तेच असले पाहिजे. नाहीतर एकत्र काम करणारे घटक कोणते, हेच बोलता येणार नाही. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा यांची पूड एकाच नावाने विकली जाते. ओलसर गोदामात ठेवलेल्या फळातली टॅनिने फुटून गॅलिक आम्ल वाढते, बुरशीही धरते. गरम पाण्याने काढलेला अर्क आणि अल्कोहोलने काढलेला अर्क यांत वेगवेगळे घटक उतरतात. ‘हिरड्याचा अर्क’ एवढेच लिहिलेल्या निबंधातून यातले काहीच कळत नाही. मिश्रणाच्या बाजूने बोलणाऱ्याने तर अधिक काटेकोर असायला हवे: फळ कोणत्या महिन्यात, कोणत्या डोंगरावरून आले, कसे वाळवले, किती दिवस ठेवले, कशात उकळले. व्यापाऱ्यांनी हे कधीच ओळखले होते. ब्रिटिश काळात कातडी कमावण्यासाठी विलायतेला जाणाऱ्या हिरड्याच्या प्रती भीमली आणि जबलपूर अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जात. चांगल्या मालाचा मूळ ठिकाणाशी संबंध असतो, हे कारखानदाराला कळत होते. ते आमच्या निबंधांत दिसू नये, हे बरे नव्हे.

आता वस्तूंच्या बाजूवरचे आक्षेप, कारण तिथेही सगळे सोपे नाही. क्रोमियमने कातडे एक-दोन दिवसांत तयार होते, वनस्पतींनी कमावायला आठवडे लागतात. म्हणूनच जगातले बहुतेक कातडे आज क्रोमियमने कमावले जाते. शिवाय टॅनिनाचे सांडपाणी निरुपद्रवी नसते. ते गडद असते, सावकाश कुजते आणि नाल्यात सोडले तर पाण्यातला प्राणवायू खाते. हे दोन्ही मान्य करूनच बोलले पाहिजे. तरीही दोन्ही सांडपाण्यांत मूलभूत फरक आहे. टॅनिन उशिरा का होईना, कुजते. क्रोमियम कुजत नाही. राणीपेट आणि कानपूरचे जाजमऊ इथल्या भूजलातल्या क्रोमियमचा प्रश्न दशकानुदशके सुटलेला नाही, याचे कारण हेच. टॅनिनाने जगातले सगळे कातडे कमावता येईल असे मी म्हणत नाही. अंगाला दिवसभर लागणाऱ्या चपला, पट्टे, घड्याळाचे बंद, लहान मुलांच्या वस्तू एवढ्यांपासून सुरुवात करता येते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव टिकवायचे तर टॅनिनाचा वेळ कसा घटवावा, तेच पाणी पुन्हा कसे वापरावे, यावर संशोधन हवे. तो रसायनशास्त्राचा उत्तम प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मोजता येणारे आहे. वस्तूंच्या नावाखाली चालणारे सगळेच मात्र मला मान्य नाही. पानांच्या अर्काने चांदीचे नॅनोकण बनवून त्याला हरित पद्धत म्हणण्याची लाट आली आहे. चांदीच्या क्षारापासून चांदीचे कण बनवणे कुठल्याही तुरट पानाला जमते; शेवटी परिणाम चांदीचा असतो आणि पाण्यात उतरते तीही चांदीच. वनस्पतीचे नाव घेतल्याने वस्तू शाश्वत होत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप जंगलाच्या बाजूने येतो. औषधाला थोडा माल लागतो, कातड्याला टनांनी लागतो. मग वस्तूंना प्राधान्य दिले तर रान ओरबाडले जाणार नाही का? या प्रश्नाचे उत्तर नरक्या या झाडाने दिले आहे. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगरोधक रसायन वेगळे केले. १९७२ मध्ये तेच रसायन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडले. हा रेणू हिरड्याच्या टॅनिनासारखा दिसेल त्या प्रथिनाला धरत नाही. डीएनए आणि टोपोआयसोमरेज १ नावाचे विकर यांच्या एका विशिष्ट जोडीतच तो अडकतो. नेमकेपणा असा असतो. तरीही विषारीपणामुळे सुरुवातीच्या चाचण्या थांबल्या आणि त्यावरून बेतलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडले. तीस वर्षे. औषध म्हणजे काय प्रकरण असते, याचे हे माप. आणि या काळात नरक्याचे काय झाले? रसायन लाकडात आणि मुळांच्या सालीत, तेही अगदी थोडे. त्यामुळे झाडच तोडावे लागते. कोल्हापूर आणि सिंधुदुर्गच्या जंगलांतून नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. सर्पगंधेचेही मूळच लागते, म्हणून तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालावे लागले. उलट टनांनी गोळा होणारा हिरडा अजून डोंगरावर उभा आहे, कारण त्याचे फळ घेतात आणि झाड राहते. रानावरचा भार मालाच्या वजनाने ठरत नाही. झाडाचा कोणता अवयव घेतो आणि त्यानंतर झाड जगते की नाही, याने ठरतो.

याने हिरड्याची काळजी संपते असे मात्र नाही. बाळहिरडा काढणे म्हणजे बी धरायच्या आधीच फळ काढणे. एखाद्या पट्ट्यातले सगळे फळ दर वर्षी असे गेले तर जुनी झाडे उभी दिसतील आणि खाली रोपे नसतील. हे नुकसान लवकर डोळ्यांत भरत नाही. उपाय काढणाऱ्यांना माहीत आहे: काही झाडे पिकेपर्यंत राखणे, फांद्या न तोडता फळ झोडणे. पण फळ पिकेपर्यंत थांबायला हातात पैसा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर घरात बियाणे आणायचे असेल तर कोणी थांबणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. किमान आधारभूत किमतीच्या यादीत हिरडा आहे. पण ती किंमत वेळेवर आणि प्रत पाहून गावातच मिळाली तरच राखलेले झाड परवडते. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, त्याने गावाला वनोपजावर हक्क दिला. जैवविविधता कायद्याने लाभात वाटा मान्य केला. या दोन्हींचा अर्थ अर्क काढणाऱ्यानेही समजून घेतला पाहिजे. आमच्या बरणीतल्या पुडीची शुद्धता आंबेगावच्या वाडीत फळ कधी आणि कसे वाळवले गेले तिथून सुरू होते. तिथल्या माणसाला चांगल्या मालाचा चांगला भाव देणे हा विज्ञानाचाच भाग आहे. तो न दिल्यास आमचे आकडे दर वर्षी बदलतील आणि आम्ही त्याला निसर्गाची विविधता म्हणत बसू.

म्हणून माझे म्हणणे अगदी थोडके आहे. ज्या वनस्पतीचा गुण सगळ्यांना सारखा धरण्याचा आहे, तिला आधी कातड्यावर, कापडावर आणि शरीराच्या पृष्ठभागावर कामाला लावावे. तिथे पुरावा हाताशी आहे आणि उपयोग आजचा आहे. पोटातून रक्तात जाऊन दूरच्या अवयवावर काम करण्याचा दावा करायचा असेल, तर टॅनिने काढून केलेली चाचणी, रक्तात पोचणाऱ्या रेणूंचा हिशेब आणि शेवटी माणसांवरची मोजणी, या तिन्हींवाचून तो करू नये. आणि दोन्ही वाटांवर अर्काच्या नावापुढे त्याचे रान, महिना, अवयव आणि काढण्याची रीत लिहिली जावी. एवढी शिस्त पाळली तर निबंध कमी निघतील. पण जे निघतील त्यांच्या आधारावर कोल्हापुरातल्या कारागिराला क्रोमियमची पिंपे नाकारता येतील, दंतवैद्याला गुळणीची मात्रा सांगता येईल, आणि जुन्नरच्या डोंगरावरच्या माणसाला काही झाडे पिकेपर्यंत राखणे परवडेल.